श्री लावलेला प्रोग्राम

"हे असंच दिसणारे का?" बहिरूशेठांनी तेजलला विचारलं.

अंबडच्या त्यांच्या नटबोल्टच्या कारखान्यात आज कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम सुरू व्हायचा होता. बाळंतपणाच्या रजेनंतरचं तेजलचं हे पहिलंच काम. ऑफिसातल्या सरांनी आधीच गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, "बाळामुळे जमत नसेल तर सांग, राकेशकडे देऊ." म्हणून तर सासूबाई नामपूरला लग्नाला गेलेल्या असूनही ती आली होती. खांद्याला लॅपटॉप आणि कडेवर दात येऊ लागलेली मनाली, जिला दिसेल ते चावायचं होतं.

पडद्यावर बटणं एकमेकांच्या अंगावर चढली होती. एक तर घरंगळत पार तळाशी गेलं होतं. घरी हाच प्रोग्राम कसा लख्ख दिसत होता!

रोग तिच्या ओळखीचा होता. प्रोग्रामच्या पोटात एक छोटा ब्राउझर असतो. आपण काही बोललो नाही तर विंडोज त्याला आजोबांच्या काळातला समजतं आणि पानं तशीच दाखवतं. म्हणून प्रोग्रामच्या फाइलचं नाव विंडोजला आधीच कळवून ठेवायचं, सोसायटीच्या वॉचमनला पाहुण्याचं नाव सांगावं तसं. या नावाचा आला की नव्या लिफ्टने सोड! तेजलने नाव कळवलं होतं. पुन्हा तपासलं, तर ते जागच्या जागी होतं.

तिने सगळं पुसून नव्याने टाकलं. उघडलं, आणि बटणं शाळेतल्या पोरांसारखी ओळीत उभी!

"झालं!" तेजलने श्वास सोडला.

"थांबा, आता मी करून बघते," कचेरी सांभाळणाऱ्या लताबाई खुर्चीवर बसल्या. तेजलने प्रोग्राम बंद केला आणि मनालीच्या तोंडातली झेंडूची पाकळी काढायला वळली. नव्या कॉम्प्युटरला घातलेला हार एव्हाना अर्धा तिच्या मुठीत होता. मागे वळून बघते तर बटणं पुन्हा एकमेकांच्या उरावर.

पुन्हा सगळं पुसून नव्याने टाकलं, तरी तेच झालं. तेजलने उघडलं की शहाणं, लताबाईंनी उघडलं की वेडं.

"लताबाई, तुमच्या हाताला गुण नाय बघा," बहिरूशेठ म्हणाले. "त्यापेक्षा कागद बरा होता. त्यावरनं काय पळत नव्हतं."

लताबाईंचा चेहरा एवढासा झाला. तेजलला कसंतरीच वाटलं. हल्ली घरात काहीही बिघडलं की सगळे तिच्याकडेही असंच बघायचे.

"काकू, तुम्ही नेमकं कसं उघडता? माझ्यासमोर करा बरं."

"कसं म्हणजे? आधी श्री लावते, मग उघडते."

"श्री? कुठे?"

"नावाच्या आधी. नवी वस्तू बिनश्रीची सुरू करतं का कोणी?"

लताबाईंनी फाइलचं नाव बदलून दाखवलं. तेजलने कपाळाला हात लावला. वॉचमनकडे नाव एक, आणि पाहुणा आला श्री लावून! त्याने बिचाऱ्याने जुना जिना दाखवला.

"मग... श्री काढू या का?" तिने जपून विचारलं.

इतका वेळ कुरकुरणारे बहिरूशेठ ताडकन उठले. "ओ मॅडम, दुसरं काय काढायचं ते काढा. श्री ऱ्हाऊ द्या."

"द्या ती पोरगी इकडं," लताबाई म्हणाल्या.

मनालीला खांद्यावर टाकून त्या मशीनच्या खडखडाटात फेऱ्या घालू लागल्या. तेजलने लॅपटॉप उघडला आणि चार ओळी लिहिल्या. आता प्रोग्रामने सुरू होतानाच स्वतःचं नाव काय ते बघायचं, आणि तेच वॉचमनला कळवायचं. लताबाईंच्या श्रीसकट सगळी बटणं ओळीत आली.

तेवढ्यात राकेशचा फोन. "तेजल, नांदगावला अडकलोय यार. मी उघडलं की नीट, हे लोक उघडतात तेव्हा विस्कटतं. कॉम्प्युटर बदला म्हणून सांगितलं त्यांना."

"फाइलचं नाव वाच."

राकेशने वाचलं, "'श्री गुरुदेव दत्त'... आणि मग आपलं. काढून टाकू?"

"हात लावू नकोस! मार खाशील. नवी फाइल पाठवते. मग त्यांना काय ठेवायचं ते नाव ठेवू दे."

"वाचवलंस! आणि ऐक ना, सर म्हणतायत नांदगावचं काम पण आता तूच बघ. लगेच ऑफिसला येतेस का?"

तेजलने वळून पाहिलं. लताबाई खुर्चीत टेकल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर मनाली गाढ झोपली होती. लताबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच टेबलावरचा चहा दाखवला. अजून वाफ निघत होती.

"तासभर तरी लागेल रे," तेजल अगदी हळू आवाजात म्हणाली. "इथलं काम फार नाजूक आहे. मध्येच सोडता येणार नाही."

तिने फोन ठेवला आणि कित्येक महिन्यांनी गरम चहा प्यायला घेतला.