सहा कपडे आणि खाटकांची रांग

माणसाला एकूण किती कपडे लागतात, हा प्रश्न मी लग्नानंतरच्या दुसऱ्याच रविवारी कायमचा सोडवून टाकला. सहा. दोन पँट, दोन शर्ट, एक स्वेटर आणि एक सूट. कोणताही शर्ट कोणत्याही पँटवर गेला पाहिजे, स्वेटर दोन्ही शर्टांवर बसला पाहिजे आणि सुटातला कोट नुसत्या पँटवर चढवला तरी लोकांनी वळून बघता कामा नये. (ही शेवटची अट लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.)

"आणि मोजे?" योबानाने विचारलं. योबाना माझी बायको. दवाखान्यात नर्स आहे, त्यामुळे माणसाचं काय उघडं राहतंय याकडे तिचं आधी लक्ष जातं.

"मोजे पायाभूत सुविधांत येतात. ते मोजायचे नाहीत."

"सूट म्हणजे कोट आणि पँट. दोन झाले."

"सूट ही एक संकल्पना आहे."

"जुलैच्या थंडीत संकल्पना घालून फिर हं, लिंबर्ट."

बोलिव्हियाच्या पठारावरच्या आमच्या एल आल्तोत जुलै म्हणजे हिवाळा: सकाळी नळात बर्फ असतो, दुपारी ऊन टाळूला चावतं आणि संध्याकाळी परत बर्फ. एवढ्या हवामानाला तोंड द्यायला सहाच कपडे पुरतात, फक्त ते एकावर एक चढवायची अक्कल हवी, हे जगाला सिद्ध करून दाखवायचं मी ठरवलं होतं. जगाने तसं विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण शाळामास्तराच्या पगारात संसार मांडलेला समाजशास्त्राचा पदवीधर जगाने विचारायची वाट बघत बसत नाही.

माझं खरं भांडण सासऱ्यांच्या कपाटाशी होतं.

डोन हिलारिओन, म्हणजे माझे सासरे, यांचे दोन ट्रक बंदरापर्यंत जातात, आणि ते स्वतः ट्रकवाल्यांच्या नाचमंडळात माझ्या जन्माच्या आधीपासून नाचतात. आमच्याकडे प्रत्येक धंद्याचं असं मंडळ असतं. कार्मेन मातेच्या उत्सवाला पहिल्या दिवशी जडशीळ पोशाखात नाचायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी एकाच कापडाचे, एकाच शिंप्याने शिवलेले सूट घालून वाजतगाजत देवळात जायचं. दरवर्षी नवा सूट. मागच्या वर्षीचा पुन्हा अंगाला लावायचा नाही. सासऱ्यांच्या कपाटात असे सूट ओळीने टांगलेले आहेत. दार उघडलं की दाटीने उभे राहिलेले, डोकी नसलेले पंचवीसेक हिलारिओन आपल्याकडे बघताहेत असं वाटतं.

मुलगी मागायला गेलो तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी त्यांना हे सांगितलं. म्हणजे डोक्यांचं नाही, उधळपट्टीचं. कॉलेजात मी त्यावरच निबंध लिहिला होता, त्यातली महत्त्वाची तीन पानं मला पाठ होती. नंतर मी लग्नातला बँडही नाकारला, नाचही नाकारला, नोंदणी कार्यालयात सही केली आणि बाहेर येऊन सर्वांना एकेक केळं दिलं. तेव्हापासून सासरे माझ्याशी बोललेले नव्हते. त्याचं मला काही वाटत नव्हतं. (वाटत होतं.) पण त्यांनी आमच्या घरी पाऊलही टाकलं नव्हतं, आणि योबाना दर रविवारी बापाच्या आवडीची शेंगदाण्याची आमटी करायची आणि आम्ही दोघं ती मुकाट्याने खायचो. त्याचं मात्र फार वाटत होतं.

उत्सवाच्या आदल्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला. बाबांनी बोलावलंय. उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापाशी यायचं, मग घरी जेवायला. जावयाने सूट घालून यायचं.

फोन ठेवून योबाना माझ्यासमोर उभी राहिली. "ऐक. हे एकदाच होणार आहे. त्या दिवशी एकही सिद्धांत बोलायचा नाही."

"बरं."

"निबंध नाही."

"बरं म्हटलं ना."

"आणि सूट धड आण. बाबा माणसाचा आधी सूट बघतात, मग माणूस."

माझ्या सहातला सूट अजून नुसती संकल्पनाच होता, म्हणून गुरुवारी शाळा सुटल्यावर मी थेट बाजारात गेलो. आमच्या बाजारात विमानाच्या खुर्चीपासून कवळीपर्यंत सगळं जुनं मिळतं. मी नियम पक्के करून गेलो होतो. सुटाचे आधी खांदे बघायचे, कारण कंबर आवळता येते, पँट आखूड करता येते, पण खांदे देवाच्याही हातात नाहीत. मग रंग. करडा घ्यायचा. करड्याचं कशाशीच वैर नसतं.

ताडपत्रीखाली बसलेल्या बाईंनी मला नुसतं बघूनच एक सूट ओढून काढला. "हा घे, कासेरितो," लाडक्या गिऱ्हाईकाला म्हणतात तसं त्या म्हणाल्या. "कोरा आहे, एकदाही घातलेला नाही. ज्याने शिवायला टाकला तो साओ पावलोला शिवणाच्या कारखान्यात निघून गेला. शिंप्याने वाट बघितली आणि मला विकला."

शिशासारखा करडा. खांदे असे बसले की शिंप्याने मला स्वप्नात मोजलं असावं. बाह्यांवर लाल वाइनच्या रंगाची तीन-तीन बटणं आणि आतून तसलंच लाल अस्तर. 'बघ,' मी मनाशी म्हणालो, 'किफायतीत अभिरुची कशी बसते.' भाव मी थोडा पाडला, बाईंनी लगेच पाडू दिला. तिथेच मला संशय यायला हवा होता.

योबानाला मी सूट दाखवला नाही. आयत्या वेळी दाखवून चकित करायचं होतं. (झाली.)

उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी ती पहाटेच माहेरी स्वयंपाकाला गेली. मी दाढी केली, सूट चढवला, आरशात स्वतःला मनापासून पसंत केलं आणि निघालो. देऊळ हमरस्त्याच्या पलीकडे. हमरस्त्यावर मिरवणूक. दोन्ही बाजूंना खुर्च्या, खुर्च्यांवर माणसं, माणसांच्या मध्ये बियरची खोकी. पलीकडे जायला एकच फट दिसली. तिच्यातून मी रस्त्यावर पाऊल टाकलं आणि कुणीतरी माझा दंड धरला.

"कुठे होतास? रांग सुटायला आली."

धरणारा माणूस आडवातिडवा होता. अंगात शिशासारखा करडा सूट, बाहीवर लाल बटणं. त्याच्यामागे तसाच एक. त्याच्यामागे आणखी. रस्त्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत माझाच सूट उभा होता.

"माफ करा," मी म्हणालो, "मी तुमच्यातला नाही."

"पहिल्या वर्षी सगळ्यांना असंच वाटतं," तो मायेने म्हणाला. "मी सेरापिओ. तू एडविनच्या जागी ना? तो ब्राझीलला गेला तो?"

"नाही, म्हणजे सूट त्याचाच असावा, पण—"

"म्हणजे त्याच्याच जागी. अरे, एडविनचा माणूस आला."

दोघांनी माझ्या डोक्यावर मूठ-मूठ रंगीत कागदाचे कपटे टाकले, तिसऱ्याने पेला दिला. पहिले थेंब मी जमिनीला वाहिले, कारण सिद्धांत असला तरी पाचामामाशी, म्हणजे भूमातेशी, उर्मटपणा करायचा नसतो. उरलेलं प्यावं लागलं. मग सेरापिओने माझ्या हातात एक लाकडी खुळखुळा दिला. प्रत्येक मंडळाचा खुळखुळा त्यांच्या धंद्याच्या आकाराचा असतो. सासऱ्यांच्या मंडळाचा ट्रक आहे. माझ्या हातात बैल होता.

तेव्हा मला कळलं की मी कुठे आहे. खाटकांच्या मंडळात. ट्रकवाल्यांचं आणि खाटकांचं वैर किती जुनं आहे कोण जाणे, पण सासरे दर उत्सवाआधी महिनाभर मांस खात नाहीत ते काही भक्तीने नाही.

"हे बघा, माझे सासरे—"

"तेही बघतील," सेरापिओ म्हणाला. "तीन पावलं उजवीकडे, तीन डावीकडे, शिट्टी झाली की सगळ्यांनी उजवीकडून गिरकी. जनावर वर धर."

मागे साठ माणसांचा पितळी बँड एकदम सुरू झाला. ज्यांनी तो पाठीवर घेतला नसेल त्यांना सांगून कळणार नाही. माणूस पुढेच जातो.

मोरेनादा हा संथ नाच आहे. पोट पुढे काढून, आयुष्यात सगळं मनासारखं झालंय अशा तोऱ्यात डुलत चालायचं. म्हातारी माणसंसुद्धा नाचतात, म्हणून मी निबंधात त्याला 'कष्टहीन' म्हटलं होतं. तो शब्द मी मागे घेतो. रांग उजवीकडे गेली तेव्हा मी डावीकडे होतो. मी उजवीकडे आलो तोवर सगळे परत येत होते. शेजारच्याच्या बुटावर मी इतक्यांदा पाय दिला की शेवटी तोच स्वतः पाय माझ्या पायाखाली आणून ठेवू लागला, निदान कुठे पडणार ते कळावं म्हणून.

"आधी कुठे नाचलास?" त्याने विचारलं.

"कुठेच नाही."

"तरीच."

देऊळ दिसायला लागलं. पायऱ्यांवर निळ्या सुटांची फळी उभी होती, प्रत्येकाच्या हातात लाकडी ट्रक. मधोमध डोन हिलारिओन. त्यांच्या बाजूला सासूबाई, आणि योबाना. मी बैल तोंडासमोर धरला. पण बैल लहान असतो.

योबानाने मला पाहिलं. मग तिने एप्रनचं टोक तोंडात धरलं. ती रडत होती की काय ते मला तिथून कळेना. एवढ्या दिवसांनी बापाने हाक मारली होती, आणि नवरा जुन्या वैऱ्याच्या सुटात नाचत आला होता. तोच नवरा, ज्याने तत्त्वासाठी स्वतःच्या लग्नात नाच नाकारला होता.

मी ठरवलं की सरळ रांगेतून बाहेर पडायचं आणि पायऱ्या चढून क्षमा मागायची. निश्चयाने डावीकडे वळलो. त्याच क्षणी शिट्टी झाली.

खाटकांची रांग उजवीकडून गिरकी घेत होती आणि मी तिच्यात उलटा घुसलो. शेजारी माझ्यावर आपटला, त्याच्यावर त्याचा शेजारी, मागची रांग पुढच्यावर चढली. एक बैल हवेत उडाला आणि तुतारीवाल्याच्या तुतारीत तोंड घालून बसला. बँड मात्र वाजतच राहिला, फक्त त्यातून आता हंबरल्यासारखा आवाज यायला लागला. मी सगळ्यांच्या तळाशी होतो. तिथे सेरापिओचं तोंड माझ्या कानापाशी होतं.

"पहिल्या वर्षी," तो धापा टाकत म्हणाला, "कुणाचंच असं झालं नव्हतं."

मी बाहेर रांगत आलो तेव्हा समोर निळी पँट होती. वर बघितलं. डोन हिलारिओन.

"उठा, जावईबापू," ते म्हणाले. पाच महिन्यांतले पहिले शब्द.

"मी समजावून सांगतो. तो सूट बाजारात... रंग करडा होता म्हणून..."

"घरी बोलू."

वाटेत योबाना माझ्या शेजारून चालत होती, एप्रन अजून तोंडात. घरी टेबलाभोवती सगळे निळे सूट बसले. सासूबाईंनी माझ्यापुढे फ्रिकासेचा, म्हणजे आमच्याकडच्या तिखट रश्श्याचा, वाडगा ठेवला. वाडग्यात डुकराचे तुकडे इतरांपेक्षा जास्त होते, ते मला अशुभ वाटलं. सासरे उभे राहिले. पेल्यातले थेंब जमिनीला वाहिले.

"माझा जावई शिकलेला आहे," ते म्हणाले. "मला वाटायचं, नुसताच बोलतो. आमचा नाच वायफळ आहे म्हणायचा, तेव्हा मी मनात म्हटलं, बोलणाऱ्याचं तोंड, करणाऱ्याचे हात. आज बघितलं. इतकी वर्षं आम्ही खाटकांना हरवायला नवा बँड आणला, नवं कापड आणलं. यातल्या एकालाही सुचलं नाही की आपला माणूस त्यांच्यात घुसवावा." त्यांनी पेला माझ्या दिशेने उंचावला. "वेषांतर करून. एकट्याने."

निळे सूट टेबलावर ट्रक बडवू लागले. योबानाच्या तोंडातून एप्रन सुटला आणि तेव्हा मला कळलं की ती मघापासून हसत होती.

मी खरं सांगायला तोंड उघडलं. मी सत्याचा माणूस आहे. टेबलाखालून योबानाने माझ्या पायावर पाय दिला. (सकाळभर मी दिले होते, आता माझी पाळी.)

"एकही सिद्धांत नाही," ती कुजबुजली.

मी फ्रिकासे खाल्लं.

पुढच्या रविवारी सासरे आमच्याकडे आले. शेंगदाण्याची आमटी त्यांनी तीनदा मागून घेतली, माझं कपाट उघडून बघितलं, आत सहाच कपडे बघून दार हलकेच लावून घेतलं. योबाना आतल्या खोलीत भांडी लावत गुणगुणत होती. मला भरून आलं. मी म्हणालो, "बाबा, माझ्या निबंधात काही गोष्टी राहून गेल्या होत्या. पुढच्या वर्षी मला तुमच्या मंडळात घ्याल का? मी शिकेन."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. विचार करताना त्यांचे डोळे मिटतात.

"जावईबापू, तुम्ही आता घरचे," ते म्हणाले. "घरच्या माणसाला घर कसं पाडू देऊ?"

मग त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या शिंप्याला आत बोलावलं. खाटकांचं पुढच्या वर्षीचं कापड म्हणे त्याने कुठूनसं शोधून काढलं होतं. भडक केशरी.

"खांदे नीट घे याचे," सासरे शिंप्याला म्हणाले. "त्यांच्या रांगेत अगदी मधोमध दिसला पाहिजे."