मास्तरांचा उजवा पाय

ज्याला गाडी शिकवता येते त्याला जगातलं काहीही शिकवता येतं, असं ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचं ठाम मत होतं. त्यामुळे शाळेत मुलींना जिमनॅस्टिक शिकवणारी त्यांची धाकटी बहीण ऐन स्पर्धेच्या तोंडावर घोटा मोडून बसली, तेव्हा मास्तरांनी तिच्या पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि सांगून टाकलं, "तू निवांत पड. तुझ्या पोरींना मी नेतो."

बहीण पडली होती ती स्टुलावरून, पंखा पुसताना. जिने आयुष्यभर पोरींना तोल सांभाळायला शिकवलं तिने स्टुलावरून पडावं, याचं मास्तरांना आल्यापासून हसू येत होतं आणि ते दाबताना त्यांच्या मिशा हलत होत्या. बहिणीला ते दिसत होतं. पण अडला होता तिचा संघ. प्रशिक्षक म्हणून कुणीतरी मोठं माणूस शेजारी उभं असल्याशिवाय मुलींना स्पर्धेत उतरू देत नसत, आणि दुसरं कुणी रिकामं नव्हतं.

"दादा, नीट ऐक," ती म्हणाली. "तू शिकवायचं काही नाहीये. त्यांना सगळं येतं. तू फक्त उभं राहायचं."

"काहीच न करता?"

"काहीच न करता. जमेल?"

"अगं, शेजारच्या सीटवर बसून मी दुसरं करतो तरी काय?"

"आणि लिंबूला तर मुळीच उपदेश करू नकोस."

लिंबू ही संघातली सगळ्यात लहान. मोठ्यांच्या खेळात लिंबूटिंबू म्हणून घेतली होती, ती चिकटली आणि नावही चिकटलं. बीम म्हणजे कमरेहून उंच अशी, तळहाताएवढ्या रुंदीची तुळई. तिच्यावर उभं राहून मागे वाकायचं, हात टेकायचे आणि पाय डोक्यावरून पलीकडे नेऊन पुन्हा उभं राहायचं, याला मुली मागची कमान म्हणत. ती करताना लिंबू एकदा पडली होती. तेव्हापासून अर्धी वाकली की ती थिजायची आणि सरळ व्हायची.

"या वेळीही जमलं नाही तर सोडून देते म्हणालीय मला," बहीण म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "आणि ती बोलली तसं करते रे. फार गुणी पोर आहे. मला ती जायला नकोय."

मास्तरांनी तिच्या प्लास्टरवर हलकेच थोपटलं. भित्र्या माणसांशी कसं वागायचं हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. त्यांच्याकडे एक दाताच्या डॉक्टरीणबाई कित्येक महिने गाडी शिकत होत्या. बाजारच्या चौकातलं वळण आलं की त्यांची गाडी आचका देऊन बंद पडायचीच. न चुकता. आणि मास्तर न चुकता म्हणायचे, "बाई, तुमच्यात आत्मविश्वास नाही."

आता तुम्हाला मास्तरांच्या उजव्या पायाबद्दल सांगायलाच हवं. शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही पायाशी एक ब्रेक असतो, मास्तरांचा. वर्षानुवर्षं तो दाबून दाबून तो पाय मास्तरांच्या मालकीचा असला तरी त्यांच्या हुकमात उरला नव्हता. काहीही वेगात येताना दिसलं की तो आपोआप खाली जायचा. घरी बायकोने भरलं पातेलं जरा झपकन उचललं तरी टेबलाखाली तो ब्रेक शोधायचा. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे हे अख्ख्या घराला ठाऊक होतं, फक्त मास्तरांना नव्हतं.

आणि बहिणीच्या हॉलमध्येही एक पद्धत होती. तिथल्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून धोका दिसला की ती लाकडी जमिनीवर जोरात पाय आपटायची. पाय आपटला की असाल तिथे थांबायचं. झोपेतून उठवून पाय आपटला असता तरी त्या मुली थांबल्या असत्या. हे सांगायचं मात्र बहीण विसरली. काहीच करणार नाही म्हणणारा माणूस पाय कशाला आपटेल?

सरावाची पहिली संध्याकाळ अशी गेली. उंच म्हणून जिला सगळ्या शिडी म्हणत ती धावत निघाली, आणि घोड्यावरून, म्हणजे हात टेकून ओलांडायच्या उंच ठोकळ्यावरून, उडी मारायच्या ऐन क्षणी थांबली. पाठोपाठ रेडिओ निघाली. ही झोपेतही बोलते असं म्हणतात. तीही बोलत बोलत थांबली. या दोघींना सांभाळणारी कप्तानसुद्धा थांबली. मास्तरांनी कपाळाला हात लावला. तिघींनाही त्यांनी एकच सल्ला दिला, "आत्मविश्वास हवा, पोरींनो."

बाईंचा भाऊ म्हणून मास्तर मुलींचे मामा झाले होते. तिकडे त्यांची वेगळीच कुजबुज.

"मामा फार कडक आहेत," रेडिओ म्हणाली. "आपलं काय चुकतं तेच सांगत नाहीत, नुसतं थांबवतात."

"बाईंपेक्षा जास्त कळत असेल त्यांना," शिडी म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळीही तेच झालं. लिंबू तर वाकायच्याही आधी थांबायला लागली.

स्पर्धेच्या दिवशी मास्तर इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले जाड तळाचे बूट आणि गळ्यात शिट्टी अशा थाटात हजर झाले. शिट्टी कशाला, हे त्यांनाही माहीत नव्हतं. शिडीचं नाव पुकारलं गेलं. ती वाऱ्यासारखी सुटली. मास्तर श्वास रोखून बघत होते, घोडा जवळ आला, आणि बूट धाडकन जमिनीवर आदळला. शिडी जागच्या जागी खिळली. तिची उडी बाद झाली.

ती डोळे पुसत बाकावर येऊन बसली. कप्तानने मग सगळं धैर्य गोळा केलं.

"मामा, शिडीचं चुकलं काय?"

"तेच मी विचारतोय. थांबली का ती?"

"तुम्ही थांबवलंत म्हणून."

"मी? मी हूं की चूं केलं नाही."

"तुम्ही पाय आपटलात. बाईंनी पाय आपटला की आम्ही थांबतो."

"माझा पाय," मास्तर करारी आवाजात म्हणाले, "माझ्या परवानगीशिवाय हलत नाही."

त्याच वेळी पलीकडच्या संघातली एक मुलगी धावत निघाली, आणि चौघींच्या डोळ्यांदेखत मास्तरांचा बूट पुन्हा आदळला. मास्तर बराच वेळ आपल्या बुटाकडे बघत राहिले. भर रस्त्यात आपलीच गाडी आपल्याला न विचारता निघून जावी, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"शिडी," शेवटी ते म्हणाले, "बाळा, तुझं काहीच चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

रेडिओ आणि कप्तान यांच्या उड्यांच्या वेळी मास्तर उजवा पाय दुमडून, घोटा हातात धरून एका पायावर उभे राहिले. पंचांच्या टेबलावरून एक बाई उठून आल्या. "पाय दुखतोय का तुमचा?"

"नाही, मी असाच उभा राहतो."

दोन्ही उड्या मात्र झकास झाल्या.

मग बीमची पाळी आली. तोवर मास्तरांचा डावा पाय लटलटायला लागला होता, त्यामुळे उजवा खाली टेकणं भाग होतं. लिंबू त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"मामा, बाई सांगतात तसा तुमच्या गाडीत खरंच दुसरा ब्रेक असतो?"

"असतो."

"मग शिकणाऱ्याला भीती नाही वाटत?"

"कमी वाटते."

"इथे आहे तसा?"

उपदेश करायचा नाही असं बहिणीने बजावलं होतं. पण पोरीशी खोटं बोल असं काही ती म्हणाली नव्हती.

"नाही गं," मास्तर म्हणाले. "इथे गाडी सगळी तुझीच. पण एक करता येईल. घाबरायचं काम तू माझ्याकडे दे. मला तसंही दुसरं काही काम नाही."

लिंबूने थोडा विचार केला. "नीट घाबराल ना?"

"अगदी मन लावून."

ती बीमवर चढली. चालली, वळली, एक छोटी उडी मारली, आणि त्या जागेवर आली. तिने हात वर घेतले आणि ती मागे वाकायला लागली.

मास्तरांनी शब्द पाळला. ते इतके घाबरले की कानशिलं गरम झाली. पोर हवेत उलटी होत होती आणि उजवा पाय सगळी ताकद एकवटून उठू बघत होता. पण तो जागचा हललाच नाही. अर्धी वाकलेली लिंबू क्षणभर थरथरली, मग तिचे हात बीमला लागले, एक पाय वर आला, दुसरा आला, आणि ती पलीकडे सरळ उभी राहिली.

मास्तरांचे डोळे भरून आले. जमलं. मनावर ताबा मिळवला आपण. त्यांनी अभिमानाने आपल्या पायाकडे पाहिलं. मागच्या बाकावरून पुढे आलेले तीन अनवाणी पाय त्यांच्या बुटावर एकावर एक घट्ट रोवलेले होते.

तेवढ्यात लिंबूने बीमवरून खाली उडी मारली, नीट उभी राहिली आणि हात उंचावले. बाकावरच्या तिघी आनंदाने उसळल्या. उसळल्या बाकावरून, पण उतरल्या मास्तरांच्या त्याच पायावर, तिघी एकदम. मास्तरांनी जी आरोळी ठोकली ती हॉलच्या छपराला भिडली. प्रेक्षकांना वाटलं, काय जीव आहे या प्रशिक्षकाचा पोरींवर. त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या.

संघ शेवटून दुसरा आला. मास्तर लंगडत बहिणीकडे गेले आणि काळा पडलेला अंगठा तिच्या प्लास्टरशेजारी ठेवून बसले. तिने नंबर विचारलाच नाही.

"लिंबूची कमान?"

"पुरी झाली. पुढच्या वर्षी दोन करते म्हणाली."

बहीण तोंडावर चादर ओढून थोडी रडली. मग चादर खाली करून म्हणाली, "आणि तू काय केलंस?"

"काहीच नाही," मास्तर म्हणाले. "फार अवघड गेलं."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंची शिकवणी होती. अंगठ्याला एवढी पट्टी की मास्तरांना आपल्या ब्रेकवर पाय ठेववेना. बाजारचा चौक आला, वळण आलं, समोरून टेम्पो आला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा चौक मागे पडला होता आणि गाडी सुरळीत चालली होती. कुठे आचका नाही, काही नाही.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा नुसता फुलला होता.

"मास्तर, राग मानू नका," त्या म्हणाल्या, "पण इतक्या महिन्यांत आज पहिल्यांदा तुम्ही नीट शिकवलंत."

मास्तरांनी गंभीरपणे मान डोलावली आणि उजवा पाय आणखी जरा सीटखाली ओढून घेतला.