शकुंतला मिसचे आठवडे

शकुंतला मिसचे वडील गेले ते अपूर्णांकांच्या बेरजेच्या आठवड्यात. धाकट्या भावाचं लग्न झालं तेव्हा कोन मोजणं चालू होतं, आणि त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचं ऑपरेशन पृथ्वीच्या अंतरंगात झालं.

हे सगळं त्या अगदी सरळ चेहऱ्यानं सांगत. तारीख विचारली तर त्यांना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं लागायचं, पण आठवडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगितला असता. शाळेचं वर्ष अडतीस आठवड्यांचं. पाचवीत कुठल्या आठवड्यात काय शिकवायचं हे त्यांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं की आयुष्यही त्यांनी त्याच खुंट्यांवर टांगून ठेवलं होतं. "आणि उरलेले चौदा आठवडे?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "ते असतात की हो बाजूला."

मी मेधा. नवरा आयटीत, म्हणून सहा वर्षांपूर्वी पुण्याहून बंगळूरला आले. राहते जे. पी. नगरला आणि जयनगरमधल्या एका शाळेत शिकवते. माझ्याकडे पाचवी ब होती. पाचवी अ शकुंतला मिसची, आणि ती कधीपासून त्यांची आहे हे शाळेत कुणालाच नीट सांगता येत नसे. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. मराठी घरात टिकवलेली, पण कानडीत चांगली मुरलेली. पहिल्याच दिवशी माझं बोलणं ऐकून म्हणाल्या, "पुण्याच्या काय? तुमची मराठी इस्त्री केलेली असते हो. आमची घरात धुतलेली, घरातच वाळवलेली." मग लिंबूभाताचा डबा पुढे सरकवून, "घ्या, स्वल्प चित्रान्न घ्या." त्या दिवसापासून मी त्यांना अक्का म्हणायला लागले. त्या मला शेवटपर्यंत 'मेधा टीचर' आणि 'तुम्ही' म्हणत राहिल्या.

हुबळीला पुतण्याचं लग्न ठरलं तेव्हाचं फोनवरचं बोलणं मी ऐकलंय. "महिना नको सांगू, आठवडा सांग... बाविसावा? बाविसाव्यात दशांश आहे रे. दशांश चिन्ह दुसऱ्या कुणाच्या हातात देऊन मी हुबळीला येऊ? कुठंही ठेवून देतील ते!" त्या लग्नाला गेल्या नाहीत. आहेर पोस्टानं गेला.

त्यांचा वर्ग म्हणजे आठवडाभर चाललेली उलाढाल असायची. सोमवारी एक नवा शब्द फळ्याच्या कोपऱ्यात बसायचा आणि शुक्रवारपर्यंत कुणी पुसायचा नाही. एखाद्या आठवड्यात बेचाळीस मुलं दोरे घेऊन शाळाभर मोजमापं करत हिंडायची. क्षेत्रफळाच्या आठवड्यात त्यांनी वॉचमनची केबिन मोजली, मग प्रिन्सिपल मॅडमचं टेबल मोजलं. दोन्हींत फारसा फरक निघाला नाही. अक्कांनी तो निष्कर्ष फळ्यावर लिहून घेतला आणि मुलांनी घरी कळवला. पालकसभेत त्यावर कुजबुज झाली. मॅडमना ती आवडली नाही, आणि केबिन आहे तेवढीच राहिली.

बी रुजवण्याच्या आठवड्यात प्रत्येकानं ओल्या कापसात अवरेकाळूचा, म्हणजे वालाचा, दाणा ठेवला. एक्केचाळीस उगवले. ज्याचा उगवला नाही तो मुलगा बाकाखाली तोंड लपवून बसला. अक्कांनी फळ्यावर लिहिलं : "उगवले – ४१. अजून विचार करतोय – १." तो दाणा शेवटी कुजला. अक्कांनी तोही वहीत नोंदवायला लावला.

पण त्यांचं खरं वेड होतं शुक्रवारचं पत्र. शेवटच्या तासाला प्रत्येक मुलानं घरी पत्र लिहायचं : या आठवड्यात काय शिकलो. कळलेल्या तीन गोष्टी, आणि न कळलेली एक. न कळलेल्या ओळीशिवाय पत्र पाकिटात जायचं नाही. हुशार मुलं हट्ट धरायची, "मिस, मला सगळं कळलंय." अक्का चष्म्यावरून बघायच्या. "सगळं? मग तू इथं काय म्हणून बसलास? जा, मॅडमच्या खुर्चीत बस." मला म्हणायच्या, "कळलेलं कोणीही सांगतं हो. न कळलेलं सांगायला धीर लागतो. तेवढाच एक धडा माझा, बाकी सगळं पुस्तकात आहे."

त्या स्वतःही पत्र लिहीत आणि वर्गात वाचून दाखवत. "या आठवड्यात मला कळलं नाही : स्मार्ट पॅनेल ऐन उदाहरणाच्या मध्येच का झोपतं." मुलं हसून लोळायची. एका मुलानं लिहिलं होतं, "मी डब्याचं घनफळ काढलं. डब्यात सहा इडल्या बसतात. आई चार देते. हे मला कळलं नाही." त्याच्या आईनं सोमवारी सहा पाठवल्या, आणि खाली चिठ्ठी : "आता तरी कळलं का ते कळवावे."

नित्या ही त्यांच्या वर्गातली एक बारकी मुलगी. बोलायची कमी, अक्षर टपोरं. एकोणिसाव्या आठवड्यात मोजमापं चालू होती. शुक्रवारी शाळा सुटायच्या सुमारास अक्का स्टाफरूममध्ये आल्या आणि नित्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. पत्र इंग्रजीत होतं. मराठीत सांगायचं तर असं, फक्त वडिलांसाठी तिनं लिहिलेलं 'अप्पा' तसंच ठेवलंय :

"या आठवड्यात आम्ही किलोमीटरचे मीटर करायला शिकलो. मैदानाला एक फेरी म्हणजे किती मीटर ते शिकलो. मोठी अंतरं टेपनं मोजत नाहीत, हे शिकलो. मला कळलं नाही ते असं – अप्पांचं नवीन घर आमच्या घरापासून फक्त चार किलोमीटरवर आहे. म्हणजे चार हजार मीटर. तरी ते का येत नाहीत?"

"घालू का पाकिटात?" अक्कांनी विचारलं.

"नको अक्का. घरचं आहे. उगाच भानगड होईल."

"हं." त्यांनी कागद उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "पत्र तिचं आहे की पण. मी ठेवून घेतलं तर काय शिकेल ती? न कळलेलं विचारायचं असतं, पण हे नाही, असंच ना?"

त्यांनी नित्याला बोलावलं. तिच्या उंचीला येण्यासाठी, ऑपरेशन झालेला गुडघा सांभाळत, खाली बसल्या. "हे घरी द्यायचंय ना तुला? खरं सांग हं." नित्यानं मान हलवली. अक्कांनी तिच्यासमोर पाकीट चिकटवलं.

आईनं ते पत्र वाचलं आणि फोटो काढून वडिलांना पाठवलं. सोमवारी पहिल्या तासाला वडील आले. घरी यायला जमत नव्हतं, शाळेत मात्र घंटेच्या आधी हजर.

प्रिन्सिपल मॅडमनी अक्कांना बोलावलं, नित्यालाही वर्गातून आणवलं आणि शेजारच्या तुकडीची म्हणून मलाही. वडील उभेच होते. चांगले शिकलेले, इस्त्रीचा शर्ट, आवाज दाबून बोलणारे. "माझ्या घरातल्या गोष्टी वर्गात लिहून घ्यायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? बेचाळीस मुलांनी वाचलं असेल हे." मग ते नित्याकडे वळले. "तू लिहिलंस हे? तुझ्या मनानं लिहिलंस? की आईनं सांगितलं? सांग."

नित्या गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी बोटाला गुंडाळत होती. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"तिला कशाला विचारता?" अक्का म्हणाल्या. "मी लिहवून घेतलं. फळ्यावर वाक्यच दिलं होतं मी. घरातल्या माणसांमधलं अंतर घालून उदाहरण करा म्हणून. तिनं केलं. सांगितलेलं ऐकते पोरगी."

वडिलांचा सगळा राग एका क्षणात नित्यावरून उठला आणि अक्कांवर येऊन बसला. तो मला दिसला, इतका स्पष्ट. नित्यानं मान वर करून मिसकडे पाहिलं. असं वाक्य फळ्यावर कधीच नव्हतं, हे त्या खोलीत तिघींना ठाऊक होतं.

मॅडमनी मला विचारलं, "मेधा, असं वाक्य दिलं होतं?"

अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या. खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला माहीत नाही मॅडम," मी म्हणाले.

त्या आठवड्यात शुक्रवारचं पत्र बंद झालं. पालकांना आता ॲपवर 'आठवड्याची झलक' जाते : चार फोटो, सगळ्यांत मुलं हसत असलेली. पाचवी अ माझ्याकडे आली, ब एका नव्या टीचरकडे गेली, आणि अक्कांना तळमजल्यावरच्या साहित्याच्या खोलीत बसवलं. काम : तक्त्यांना प्लास्टिकचं आवरण चढवणं, आणि कुणी रजेवर असेल तर बदली तास. नवऱ्यानं मला विचारलं, "एवढ्याशा गोष्टीवरून?" एवढ्याशाच गोष्टीवरून. पालक चिडले की शाळा घाबरते.

तिथेही त्या तक्रार करत नव्हत्या. यंत्रातून सूर्यमाला गुळगुळीत होऊन बाहेर यायची आणि त्या तिला वारा घालत बसायच्या. मी मधल्या सुट्टीत डोकावले की विचारायच्या, "दशांश झाले काय? चिन्ह नीट ठेवताय ना?" एकदाच म्हणाल्या, "इथं हजेरी नाही हो मेधा टीचर. कोण आलं नाही ते कळत नाही." त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ घ्यायचं ठरत होतं, पण परीक्षा होत्या, मग निकाल होता, आणि ते राहिलंच.

नित्या त्याच वेळी शाळा सोडून आईबरोबर म्हैसूरला गेली. शेवटच्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मिस, शकुंतला मिसनी ते वाक्य दिलंच नव्हतं. मग त्या असं का म्हणाल्या?" मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि चांगला अभ्यास कर असं काहीतरी सांगितलं.

एप्रिलमध्ये कपाट आवरताना अक्कांच्या वह्यांचं एक खोकं निघालं. ऑफिसातून पत्ता घेतला तेव्हा कळलं की त्या जयनगरच्या नाहीतच. वडील गेल्यावर भावांनी घर विकलं, तेव्हापासून त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमला एकट्याच राहत होत्या. इतकी वर्षं रोज दोन बस बदलून यायच्या, आणि आम्हाला वाटायचं, शाळेच्या मागेच कुठेतरी राहतात.

मी दुपारी पोचले. खाली प्लास्टिकच्या बादल्यांचं दुकान, वर दोन खोल्या. अक्कांनी दार उघडलं आणि क्षणभर मला ओळखलंच नाही. मग म्हणाल्या, "अय्यो, तुम्ही! या की आत. जेवलात काय?"

"हो, जेवूनच निघाले."

"सरी, सरी. बरं." त्यांनी खोकं भिंतीशी ठेवलं. उघडलं नाही. खोलीत एकच खुर्ची होती, ती मला दिली. त्या कॉटवर टेकल्या. वाळल्या होत्या. मी नित्याचं सांगितलं, तिनं काय विचारलं तेही.

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काहीच नाही."

"असू दे. कळेल तिला मोठी झाल्यावर."

मी म्हणाले, "अक्का, त्या दिवशी मी खरं बोलायला हवं होतं."

"का म्हणून?" त्या एकदम ताठ झाल्या. "खरं बोलला असतात तर पोरगी सापडली असती की हो! तुम्ही गप्प बसलात म्हणून तर निभलं. मी मनात म्हटलं, बरं झालं, या बाईला कळलं." आणि त्यांनी माझा हात धरून दाबला.

मी नित्यासाठी गप्प बसले नव्हते. मला नोकरीची भीती वाटली होती, बस. हे मी अक्कांना सांगितलं नाही. हात त्यांच्या हातात तसाच राहू दिला.

थोड्या वेळानं मी उठायला लागले, तर त्या म्हणाल्या, "स्वल्प बसता काय? माझं जेवण व्हायचंय. तुम्ही नुसतं समोर बसा." मग जरा ओशाळून, "मुलांबरोबर जेवायची सवय हो, गलका असायचा. इथं ताट घेऊन बसलं की घास उतरत नाही. ओट्याशी उभ्यानंच काहीतरी खाते झालं. कधी राहूनच जातं."

घड्याळात साडेतीन वाजले होते. आत गॅसवर भात आणि सारू होतं, आणि दोन्हीला कुणी हात लावलेला नव्हता.

"मलाही वाढा अक्का," मी म्हणाले. "सकाळी जेवले ते कधीच जिरलं."

"खरंच काय?" त्या लगबगीनं आत गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला, एक कपाट उघडलं, मग दुसरं. बराच वेळ लागला. दुसरं ताट फळीवर सगळ्यात मागे गेलं होतं. त्यांनी ते नळाखाली धरलं, पदरानं पुसलं, पुन्हा एकदा पुसलं, आणि माझ्यासमोर ठेवलं.