उत्तमसिंगची तबकडी

महागावपलीकडच्या तांड्यात ओव्हरसिअर झालेला पहिला माणूस म्हणजे उत्तमसिंग. त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडले. उत्तमसिंग त्याच मुलखात सरकारी रस्ते आखायचा. "मानसाचा डोळा चुकन, पन माही दुर्बीण चुकनार नाही," असं तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर ऐकवायचा. बायको बसंतीबाई म्हणायची, "मंग लगीन दुर्बिणीशीच लावाचं होतं."

बासष्ट सालच्या माघात तांड्यामागच्या टेकडीजवळ नव्या रस्त्याची आखणी चालली होती. दिवस कलला, मजूर घरी निघाले, आणि टेकडीवरच्या आभाळात काहीतरी लखलखलं. उघड्या डोळ्याला नुसती तिरीप. उत्तमसिंगनं तिपाईवरची दुर्बीण तिकडं वळवली आणि त्याच्या अंगावर काटाच आला. निव्वळ आभाळ, आणि त्यात परातीएवढं गोल, चांदीसारखं चकचकीत काहीतरी तरंगत होतं. ते आधी हळूच वर सरकलं, मग सरसर वर जात दुर्बिणीतून नाहीसं झालं. त्यानं डोळा काढून वर पाहिलं, तर आभाळ धुऊन पुसल्यासारखं रिकामं.

उडत्या तबकड्यांबद्दल त्यानं पेपरात वाचलं होतं. सकाळ होताच पुसदच्या साहेबांकडे अहवाल रवाना झाला: वस्तू गोल, बहुधा धातूची, गती सरळ वरच्या दिशेने, निरीक्षण सरकारी यंत्रातून.

बातमीला पाय फुटले. आर्णीला पोचली तेव्हा तबकड्या चार झाल्या होत्या. ढाणकीच्या बाजारात तर तबकडीतली माणसं खाली उतरून कापसाचा भाव विचारून गेली होती! रोज दुपार टळली की टेकडीच्या अलीकडे बैलगाड्यांची रांग लागायची. भज्यांची कढई आली, पानाचा ठेला आला. अख्खा तालुका माना वर करून उभा. त्यातच अवकाळी पाऊस आला. आभाळाकडे एवढी माणसं बघत होती, पण ढग कुणाला दिसला नाही. खळ्यांवरची तूर भिजली.

तांड्याचा नाईक लखीराम ओट्यावर येऊन बसला. "उत्तमसिंग, तुया शब्दावर लोक येऊन राह्यले. आता तुरीच्या नावानं तुलेच शिव्या देऊन राह्यले. काही दिसलं नाही तं साऱ्या तांड्याचं हसू होईन."

"दिसन, काका. यंत्रानं पाह्यलं हाय," उत्तमसिंग म्हणाला खरा; पण त्याला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

आणि मग पुसदचे ते देवपुजारी साहेब स्वतः जीपमधून आले. रस्त्यासाठी दहादा बोलावून न येणारे साहेब तबकडीसाठी मात्र धावत आले. साहेब म्हणाले, "लाव ती दुर्बीण. कशी गेली, दाखव."

उत्तमसिंगनं तिपाई रोवली, टेकडीच्या माथ्यावर नेम धरला आणि बाजूला झाला. साहेबांनी डोळा लावला.

"उत्तमसिंग, टेकडीवरून एक बैलगाडी चालली आहे."

"हो, साहेब."

"चाकं वर आहेत. बैलही पाय वर करून चाललेत."

"ह्या दुर्बिणीत सारं उलटंच दिसते, साहेब. खालचं वर अन् वरचं..."

तो तिथंच थांबला. साहेबांनी डोळा काढून त्याच्याकडे पाहिलं. गर्दीतल्या कुणाला काही कळलं नाही. पण भर उन्हात उत्तमसिंगचे कान गार पडले. रोज ज्या यंत्रात तो माणसं उलटी पाहायचा, त्यात तबकडी मात्र त्यानं सुलटी धरली होती. ती वर गेलीच नव्हती. ती पडली होती.

सगळे टेकडी ओलांडून पळाले. पलीकडे उत्तमसिंगच्या काकीचं, सुखीबाईचं वावर. खळ्यावर तुरीचा ढीग, ढिगावर काचेसारखं पारदर्शक, तंबूएवढं मेणकापड अंथरलेलं. साऱ्या शिवारात तेवढी एकच तूर कोरडी ठणठणीत. शेजारी एका चौकोनी पेटीत गवत घालून कोंबडी अंड्यांवर बसवलेली.

"काकी, हे कुठून आलं?"

"आभाळातून पडलं, बेटा."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"कोनाले सांगू? तुमी सारे वर पाहून राह्यले होते."

साहेबांनी कापड चाचपलं, पेटीतल्या तारा पाहिल्या आणि ते मोठ्यानं हसले. हैद्राबादेकडून शास्त्रज्ञ आभाळातले किरण मोजायला मोठे फुगे सोडतात, त्यातलाच हा एक.

"साहेब, माही नोकरी..." उत्तमसिंग पुटपुटला.

साहेबांनी त्याला जरा बाजूला नेलं. "त्या दिवशी पुसदच्या गच्चीवरून मीही पाहिलं होतं रे. दूर, ठिपक्याएवढं. पण शिकला-सवरला इंजिनिअर, लोक हसतील म्हणून घरीसुद्धा बोललो नाही. तू निदान लिहिलंस. उलटं लिहिलंस, पण लिहिलंस."

शास्त्रज्ञ आले, पण पिल्लं निघाल्याशिवाय सुखीबाई पेटी देईना. बिचारे तांड्यात मुक्काम करून राहिले. गवताच्या थरामुळे आतली यंत्रं मात्र कोंबडीच्या नखांपासून वाचून शाबूत निघाली. त्यांनी खुश होऊन फाटकं कापड सुखीबाईलाच दिलं आणि उत्तमसिंगला सांगितलं, पुढचा फुगा लवकरच सुटेल, तुम्ही या भागात नजर ठेवा.

शास्त्रज्ञांनी आपल्याला नेमलं! छाती पुढे काढून तो घरी आला, तर दारात तांड्यातल्या बाया जमलेल्या. धनीबाई पुढे झाली.

"भाऊ, सुखीबाईचं झालं. आता पुढचा माह्या खळ्यावर पाडजो. अन् पावसाच्या आधी पाडजो बाप्पा."