फेट्याचा राग आणि आबांचा फोटो

रंगनाथानं सकाळी कॉम्प्युटरपुढं बसून सख्ख्या भावाचे एकशे बारा फोटो पुसून टाकले आणि मग बायकोकडे चहा मागितला.

कारण तसं डोंगराएवढं होतं. धाकट्या हनुमंतानं आपल्या पोरीच्या, सायलीच्या लग्नात व्याह्याच्या ड्रायव्हरलासुद्धा फेटा बांधला आणि थोरल्या भावाच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली. फेटे संपले होते म्हणे! रंगनाथ न जेवता मांडवातून उठला, तेव्हापासून बोलणंच बंद.

"फोटो पुसून मानूस नाहीसा हुतोय व्हय?" भामाबाईनं कप आदळला. "समोरच ऱ्हातोय त्यो. दार उघडलं की दिसतोय."

"दिसू दे. माज्या घरात नको."

पोरगा सम्राट सुप्याला कंपनीत होता. दिवाळीत त्यानं घरातली सगळी जुनी निगेटिव्हं नि अल्बम स्कॅन केले आणि टीव्हीखाली एक काळा डबा बसवला. "आता फोटो तीन जागी. तुमचा कॉम्प्युटर, माजा लॅपटॉप आन् ह्यो डबा. घर जळलं तरी फोटो जायचे न्हाईत." घर जळल्यावर डबा कुठं पळून जाणार होता, हे त्याला कुणी विचारलं नाही. शिकलेल्या माणसाला कोण विचारतो! त्या भरवशावर भामाबाईनं निगेटिव्हं आणि वाळवीनं खाल्लेले अल्बम बंबात घातले.

चार दिवसांवर आबांचं, म्हणजे रंगनाथाच्या वडिलांचं, पंचविसावं पुण्यस्मरण होतं. कीर्तन ठरलेलं, फ्लेक्सवाला फोटोसाठी खोळंबलेला. फोटो काढला की आयुष्य घटतं, अशी आबांची समजूत. त्यामुळे उभ्या जन्मात त्यांचा एकच फोटो निघाला होता, नेवाशाच्या स्टुडिओत. आबा खुर्चीवर, मागं दोन्ही लेक, प्रत्येकाचा एक हात आबांच्या खांद्यावर.

रंगनाथानं तो शोधला. सापडला नाही. त्यात हनुमंत होता ना! हनुमंताबरोबर आबाही गेले होते.

सम्राट धावत आला. त्यानं लॅपटॉप पाहिला, डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "आप्पा, एकीकडं पुसलं की तिन्हीकडं पुसतं. ह्यालाच सिंक म्हनत्यात."

"मंग तीन कशाला ठिवले? येवढा गाढवपना एकात बी झाला असता!"

"थांबा, पुसलेलं कचऱ्याच्या टोपलीत असतंय."

"ती बी रिकामी केली. मी घरात कचरा ठिवत नसतो."

भामाबाई पदरात तोंड घालून हसली. मग म्हणाली, "त्या फोटोच्या दोन प्रती हुत्या. एक समोरच्या घरात हाय."

"मी न्हाई जायचा."

"मंग त्यो काळा डबाच छापा फ्लेक्सवर. आन् घाला त्यालाच हार."

रंगनाथ गेला. मागोमाग सम्राट. झालेला प्रकार सांगताना रंगनाथाची मान काही वर झाली नाही. हनुमंतानं खुंटीवरची फ्रेम काढली, पण ती छातीशीच धरून उभा राहिला.

"दादा, रागावू नगं. तू ताटावरून उठलास, तवा माजं बी डोकं फिरलं हुतं."

त्यानं फ्रेम पुढं केली. आबा अगदी स्वच्छ. डावीकडं हनुमंत, भांग पाडलेला, सबंध. उजवीकडं सरळ कात्री चाललेली. रंगनाथाचा फक्त हात उरला होता.

"आनखी आत कापलं असतं, तर आबांचा खांदा गेला असता," हनुमंत पुटपुटला.

"कात्रीनं कापलंस मला?"

"आमच्याकडं कुठं कॉम्प्युटर? पर दादा, कात्रीनं तू एकलाच गेलास. आबा तर ऱ्हायले."

सम्राटनं मोबाईलवर फोटो काढून घेतला आणि उत्साहानं म्हणाला, "आप्पा, ह्यो तुटका हात वाईट दिसतोय. दोन मिनिटांत पुसतो, कुनाला कळनार बी न्हाई."

"खबरदार!" रंगनाथ ओरडला. "तेवढाच उरलोय मी."