हमीदभाई टीम निवडतात

आमच्या बाभुळगावच्या क्रिकेट टीममध्ये कोण कोण आहे, हे टीममधल्या पोरांनाही सामन्याच्या सकाळपर्यंत माहीत नसतं. ते फक्त हमीदभाईंच्या डोक्यात असतं. नाव कागदावर लिहिलं की ते आमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांकडे, दारव्ह्याला पोचतं, अशी त्यांची पक्की खात्री आहे. कसं पोचतं ते विचारू नये. मी एकदा विचारलं होतं. हमीदभाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या मागच्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तू कायले विचारून राह्यला?" त्यानंतर बरेच दिवस त्यांनी माझ्या दुकानातला चहा घेतला नाही.

माझं कृषी केंद्र आणि हमीदभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान समोरासमोर आहे. शेतकरी जळालेला पंप घेऊन आला की हमीदभाई पहिला प्रश्न विचारतात, "कोनं जाळला?" व्होल्टेज कमीजास्त झालं असेल, पाणी आटलं असेल, असली साधी कारणं त्यांना चालत नाहीत. "ते तं सगळेच सांगतेत," म्हणतात. मग पंप उघडून अशा नजरेनं आत बघतात, जणू आत कोणीतरी लपून बसलंय. शेतकऱ्याची, त्याच्या शेजाऱ्याची आणि भावकीची चौकशी झाल्याशिवाय हात लावत नाहीत. पण एकदा त्यांनी नवी तार भरलेला पंप पुन्हा लवकर दुकानाची पायरी चढत नाही, हेही सांगायला हवं.

सोयाबीन निघून शेतं मोकळी झाली की आमच्याकडे टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. प्रत्येक गाव आपल्या पोरांत दोन-चार बाहेरचे प्लेअर मिसळतं. कोणाला बोलवायचं, कोणाला ठेवायचं आणि कोणाला हात जोडायचे, हे त्याआधीच्या प्रॅक्टिसमध्ये ठरतं. मी टीमला टी-शर्ट देतो म्हणून मला मत आहे. प्रफुल्ल कॅप्टन आहे म्हणून त्याला मत आहे. आमच्या दोघांच्या मतांना हमीदभाई काडीचीही किंमत देत नाहीत. तरुणपणी ते फास्ट बॉलर होते आणि या डोकेदुखीत पडायला दुसरं कोणी तयार नाही, म्हणून शेवटचा शब्द त्यांचा.

करार करायची त्यांची पद्धत त्यांचीच. सही नाही, शिक्का नाही. बसस्टँडजवळच्या टपरीवर प्लेअरला न्यायचं, एका प्लेटीत तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, मागवायचे आणि दोघांनी मिळून खायचे. प्लेट रिकामी झाली की प्लेअर वर्षभरासाठी आमचा. पण खाताना हमीदभाईंचं लक्ष पोह्यांवर नसतं, समोरच्याच्या हातावर असतं. पोहे उचलून तर्री सोडणारा माणूस अर्ध्यातून टीमही सोडतो, असा त्यांचा सिद्धांत. प्रफुल्लचा मेहुणा चांगला बॅट्समन होता. त्याला मूळव्याधीचा त्रास, डॉक्टरनं तिखट बंद केलेलं. बिचाऱ्यानं बाजूबाजूचे कोरडे पोहे खाल्ले. हमीदभाईंनी त्याला त्याच एसटीनं परत पाठवलं. प्रफुल्लच्या घरी त्यावरून जे झालं ते मी इथं लिहीत नाही.

गेल्या वर्षीचा प्रकार तर गावात अजून चघळला जातो. कळंबचा एक बॉलर आम्हाला आपली बॉलिंग दाखवायला येणार होता. दारव्हेवाल्यांनी हेर पाठवले असतील म्हणून हमीदभाईंनी ऐनवेळी प्रॅक्टिस दुसऱ्या शेतात हलवली आणि चौकापासून बसस्टँडपर्यंत सगळ्यांना बजावून ठेवलं, कोणी अनोळखी माणूस विचारत आला तर तोंड उघडायचं नाही. गाव आज्ञाधारक. तो बिचारा बूट गळ्यात अडकवून अर्धा दिवस हिंडला. पानठेल्यावाल्यानं सांगितलं, "इथं क्रिकेट? इथं कोनी खेळतच नाही बापा." कंटाळून तो परत निघाला आणि एसटीत त्याच्या शेजारी दारव्ह्याच्या टीमचाच माणूस बसला. पुढं सामन्यात दारव्ह्याकडून खेळत त्या बॉलरनं आमची निम्मी टीम उडवली. आम्ही कपाळावर हात मारून घेतला. हमीदभाई मात्र शांत होते. "मी म्हटलं होतं न? तो आधीपासून त्याईचाच होता."

अशा या माणसाचा जगात एकाच प्राण्यावर विश्वास होता. तो म्हणजे आमचे विकेटकीपर वामनराव.

वामनराव पंचायत समितीतून रिटायर झालेले. विकेटकीपर इतक्या वयाचा असू नये, असा काही नियम नाही, आणि त्याचाच फायदा हमीदभाई घेत आले. वामनरावांचे गुडघे गेले आहेत. ओव्हर सुरू होताना ते खाली बसतात आणि ओव्हर संपल्यावर त्यांना दोघं मिळून उठवतात. मधल्या काळात चेंडू उजवीकडून गेला तर ते उजवीकडे बघतात, डावीकडून गेला तर डावीकडे. बाईजच्या धावा इतक्या जातात की बाईज हाच समोरच्या टीमचा सर्वांत भरवशाचा बॅट्समन. सामना संपला की वामनराव हमीदभाईंच्या दुकानात तारांच्या भेंडोळ्यांमध्ये बसतात. प्रॅक्टिस असो नसो, दररोज संध्याकाळी बसतात. हमीदभाईंची बायको वारून बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दोघं चहा पितात आणि येणाऱ्याजाणाऱ्यांवर संशय घेतात.

यंदा मी आणि प्रफुल्लनं कंबर कसली. बँकेत नवीन आलेला एक कारकून मिळाला. तरणाबांड, कॉलेजात कीपिंग केलेला. प्रॅक्टिसला आला तो वेळेवर आला. हमीदभाई माझ्या कानाशी लागले, "टाइमावर आला. कोनं पाठवलं असन याले?" पोरानं एकही चेंडू मागं जाऊ दिला नाही. हमीदभाईंची चलबिचल वाढली. "एकही कॅच सोडून नाही राह्यला. याच्यात काहीतरी गडबड हाय भाऊ. बँकेतला मानूस मातीत कायले लोळन?" टपरीवर नेलं तर पठ्ठ्यानं तर्री प्यायली आणि वरून आणखी मागितली. आता काय बोलतील म्हणून आम्ही बघत होतो. हमीदभाई म्हणाले, "शिकवून पाठवलं याले." आणि प्लेट अर्धी टाकून उठले. म्हणजे करार झालाच नाही.

संशय हा खोकल्यासारखा आहे, शेजाऱ्याला लागतो. मलाही लागला. इतका चांगला कीपर समोर असताना हमीदभाई वामनरावांना का सोडत नाहीत? काहीतरी देवाणघेवाण असणार. वामनरावांचा रिकामा प्लॉट हमीदभाईंना हवाय का? मी दुकानात बसून समोर नजर ठेवू लागलो. त्या दिवसांत तिथं एक वेगळीच गोष्ट दिसली. वामनराव येत, काहीतरी बोलत, आणि हमीदभाई तोंड फिरवून पंप ठोकायला लागत. चहा तसाच निवायचा. माझी खात्रीच पटली, की यांचं काहीतरी फिसकटलंय.

एका दुपारी वामनराव रस्ता ओलांडून माझ्याकडेच आले. खुर्चीत बसायलाच त्यांना बराच वेळ लागला.

"गजू, तू याले समजावून सांग बाबा. मले सोड म्हन."

"म्हणजे? तुम्हालाच खेळायचं नाही?"

"अबे, माहे गुडघे तुले दिसत नाही का? तीन सालापासून सांगून राह्यलो याले. आन आता तं मी चाललोच. पुन्याले, पोराकडे. घर भाड्यानं देल्लं. आता काही परत येनं नाही." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "हमीद मले म्हन्ते, टीम सोडून कुठी जातं, आपला करार हाय. त्यानं एकदा जा म्हटलं पायजे गजू. इतकी वर्षं सोबत बसलो. तो तसाच तोंड फिरवून बसला तं माहा पाय नाही निघत. गाडीचं रिझर्वेशन झालं, पोरगा न्यायले येऊन राह्यला, आन हा मानूस मले जा म्हनून नाही राह्यला."

माझ्या डोक्यातला प्लॉटबिट सगळा विरघळून गेला. संध्याकाळी मी समोर गेलो. हमीदभाई एक उघडा पंप मांडीशी घेऊन बसले होते. तार हातात होती, पण ती गुंडाळली जात नव्हती. समोरचं स्टूल रिकामं होतं.

"हमीदभाई, वामनराव चालले म्हणे."

"चालला नाही. फोडलं त्याले."

"कोणी?"

"पुन्याच्या त्या सोसायटीनं. तिथं टीम हाय. पोराच्या बिल्डिंगच्या मांगं हे एवढं ग्राउंड हाय, त्यानंच मले मोबाइलवर फोटो दाखवला. बिल्डिंगले ग्राउंड कायले पायजे, तू सांग?"

एरवी मी पोट धरून हसलो असतो आणि दुसऱ्या दिवशी चौकात सांगितलंही असतं. पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. मी स्टुलावर बसलो आणि त्यांच्याच भाषेत विचारलं, "मग आपण त्याईच्यापेक्षा जास्त देऊ न. त्याईनं काय कबूल केलं वामनरावले?"

हमीदभाईंनी तार खाली ठेवली. हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"नातू," ते म्हणाले. "आत्ताच बोलाले लागला. याले आबा म्हन्ते. आता सांग, आपल्यापाशी काय हाय द्यायले?"

 या माणसावर आपण पाळत ठेवत होतो, याची लाज वाटली. समोर माझ्या दुकानाचा दिवा लावायचा राहिला होता, तरी मी उठलो नाही. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. त्यावर कोण बसलंय, कुठं चाललंय, याची हमीदभाईंनी चौकशी केली नाही. असं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"उद्या म्हन्तो त्याले, जा म्हनून," शेवटी ते म्हणाले. "खुशीनं म्हन्तो."

"चांगलं होईल, हमीदभाई."

"काय चांगलं होईन?" ते एकदम माझ्याकडे वळले. डोळे ओले होते, पण नजर पुन्हा नेहमीसारखी बारीक झाली. "मले त्या लोकाइचा भरोसा नाही. तिथं याले टाइमावर चहा भेटते का, गुडघ्याले कोनी तेल लावून देते का, का नुसतं पोरगं सांभाळाले नेऊन राह्यले, आपल्याले काय माहीत? फोनवर तं हा सगळं चांगलंच सांगन." त्यांनी दाराबाहेर दोन्ही बाजूंना बघून घेतलं आणि आवाज खाली आणला. "तू बियान्याच्या कंपनीच्या मीटिंगले पुन्याले जातं न गजू? एक डाव त्याच्याकडे जाऊन येजो. पन आधी सांगू नको. न सांगता जाजो. खरं काय ते तेव्हाच दिसते."