बसल्या जागी चढलेलं अस्वल

ज्या जंगलात झाडांपेक्षा कान जास्त होते, अशा एका जंगलात दोन टिटव्या करवंदीच्या जाळीमागे बोलत होत्या.

"ऐकलंस का? अस्वलराव म्हणे सगळ्या जनावरांना घेऊन वरच्या तळ्यावर पोचले, आणि तिथे गेल्यावर..."

तेवढ्यात वरून घार गेली. टिटव्या उडाल्या. बातमी तिथेच अर्धी पडली.

पलीकडच्या फांदीवर साळुंकी बसली होती. ती काही मुद्दाम ऐकत नव्हती, कान तिकडे होते इतकंच. मुलांनो, अर्धी बातमी पोटात ठेवणं किती जड जातं ते तुम्हाला आत्ता नाही कळायचं. मोठे व्हा, कुणाच्या तरी शेजारी राहायला जा, मग कळेल. संध्याकाळपर्यंत तळ्यावर न जाता खालीच राहिलेल्या पाखरांनी उरलेली बातमी आपापल्या परीने पूर्ण केली. कुणी म्हणालं, तळ्यावर अस्वलरावांचा सत्कार झाला. कुणी म्हणालं, त्यांना बघून तळंच भरून आलं.

खरं काय झालं ते मी सांगते. पहिल्यापासून सांगते, मधे उठू नका.

त्या रानात खाली एक कुंड होतं. आणि डोंगरावर, मोकळ्या सड्याच्या, म्हणजे सपाट कातळाच्या माळाच्या पलीकडे, एक तळं. उन्हाळा कडक झाला की कुंड आटायचं आणि सगळी जनावरं वर जायची. वाट दाखवायची एक म्हातारी गवी. ती गेल्या पावसात गेली. आता वाट कुणालाच आठवेना, कारण इतकी वर्षं सगळे तिच्या शेपटीकडे बघत चालले होते.

यंदा कुंडात चिखल दिसू लागला. भेकरवहिनीचं पाडस नुकतं कुठे नीट उभं राहायला शिकलं होतं. ते चिखलाला तोंड लावायचं आणि मान झटकायचं. वहिनीचं दूधही आटत चाललं होतं. तळ्यावर पोचलं तर पाडस जगणार, नाहीतर नाही, एवढा तिचा प्रश्न सोपा होता.

तेव्हा वानरशेठने अंजनीच्या झाडाखाली दुकान मांडलं. डोंगर चढायला येणारी माणसं जे विसरून जायची, ते शेठ आठवणीने विकायचा. त्याच्याकडे वाट दाखवणारी दोन यंत्रं होती. हातात मावतील एवढी.

"हे साधं," शेठ म्हणाला. "आकाशातल्या उपग्रहांना विचारतं आणि तुम्ही कुठे आहात ते सांगतं, आणि तळ्याकडे बाण दाखवतं. फक्त उभे राहिलात की याला तुमचं तोंड कुठे आहे ते कळत नाही. चार पावलं टाकावी लागतात, मग बाण सरळ होतो."

"आणि ते दुसरं?" अस्वलरावांनी विचारलं.

"ते सेन्सरवालं. आत होकायंत्र आहे. बसल्या जागी दिशा सांगतं. शिवाय हवेचा दाब मोजून किती उंच आलात तेही सांगतं. वर हवा हलकी असते ना, त्यावरून."

साध्याला ओंजळभर जांभळं, सेन्सरवाल्याला मधाचं अख्खं पोळं.

अस्वलरावांनी पोळं पुढे केलं. "दिशा कळण्याआधी पावलं टाकायची, ही कुठली पद्धत? मग यंत्र कशाला घ्यायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बोलणं खरंच बिनतोड होतं.

भेकरवहिनीने साधं उचललं. "मला तसंही चालायचंच आहे," ती म्हणाली.

"गरिबाला तेवढंच परवडतं," रानडुकरीण शेजारणीच्या कानात म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

जनावरांनी सभा घेतली आणि अस्वलरावांना वाटाड्या नेमलं. ज्याच्याकडे सेन्सर त्याच्याकडे वाट, यावर कुणाचं दुमत नव्हतं.

आता शेठने सांगितलं होतं, होकायंत्राला आधी दिशा समजावून द्यावी लागते. यंत्र हातात धरून सावकाश गोल फिरायचं. अस्वलराव गुहेसमोर फिरले. बघणाऱ्यांनाही वाटलं, आपणही फिरावं. दुसऱ्या दिवशी सगळं रान सकाळी गोल फिरत होतं. रानडुकरांनी फिरण्याचं मंडळ काढलं. एका सशाला भोवळ आली, तर त्याचा त्यांनी विशेष उल्लेख केला.

मग यंत्र म्हणालं, गुहेची उंची किती ते आधी मला सांगा.

"म्हणजे आपण त्याला सांगायचं, मग ते आपल्याला सांगणार?" साळिंदरकाकांनी विचारलं.

"काका, तुम्ही जुन्या पिढीचे," अस्वलराव प्रेमाने म्हणाले.

गुहेची उंची सर्वानुमते ठरली. कुंडात तोवर भेगा दिसायला लागल्या होत्या.

"भाऊजी, निघायचं कधी?" वहिनी रोज येऊन विचारायची.

"तयारी चाललीय, वहिनी."

एके दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसतं झाकोळ. अशा वेळी हवा हलकी होते. डोंगरावर गेलं काय आणि डोंगरावरची हवा खाली आली काय, यंत्राला दोन्ही सारखंच. अस्वलरावांनी गुहेत डोळे उघडून बघितलं तर उंचीचा आकडा वाढलेला. कूस बदलून बघितलं, आणखी वाढलेला.

"मंडळी," ते आतूनच म्हणाले, "आपण चढतोय."

रानात एकच गडबड उडाली. माकडांनी आंब्याच्या पानांचा हार केला. अस्वलरावांनी तो पडल्या पडल्याच घालून घेतला, म्हणजे चढण्यात खंड पडला नाही. बाकीचेही गुहेजवळ येऊन बसले. कुणी धापा टाकायला लागलं. एका रानडुकराने तर खाली बघू नकोस, चक्कर येते, असं बायकोला बजावलं.

वहिनी पाडसाला ढकलत ढकलत आली.

"भाऊजी, निघायचं ना आता?"

"निघायचं काय? अर्ध्यावर आलो आपण."

"मग पाणी?"

"पाणी वर आहे. आपणही वरच चाललोय."

"माझं पाडस मला खालीच दिसतंय."

अस्वलराव हसले. "तुमच्याकडे साधं यंत्र आहे ना वहिनी, म्हणून."

सगळे हसले. पाडस मात्र बसलं, आणि बसल्यावर त्याला पुन्हा उठता येईना. वहिनीने त्याला चाटलं, मानेखाली नाक घालून उभं केलं, आणि ती निघाली. कुणाला सांगून निघाली नाही. सांगितलं असतं तर सभा झाली असती.

वाट सोपी नव्हती, हेही सांगायला हवं. सड्यावर चारी बाजूंनी सारखंच दिसतं. पाडस दमून थांबलं की वहिनीही थांबायची, आणि थांबली की यंत्राचा बाण गोल फिरायला लागायचा. मग उगाच चार पावलं टाकायची, बाण सरळ व्हायचा, आणि मागे येऊन पाडसाला घ्यायचं. असं तिने अंतर दुप्पट केलं. एकदा तर बाण सरळ होता आणि पुढे दरी होती. यंत्राला दिशा कळते, दरी कळत नाही. वहिनी शिव्या देत मागे फिरली. हो, भेकरंसुद्धा देतात.

वळून बघते तर मागे साळिंदरकाका.

"मी काही तुझ्या मागे आलो नाही," काका म्हणाले. "पाय मोकळे करत होतो."

काकांच्या मागे सशाचं बिऱ्हाड होतं. तेही पाय मोकळे करत होतं. त्यामागे सांबरं, माकडं आणि सगळ्यात शेवटी रानडुकरीण. तिने नवऱ्याला गुहेजवळ बसवून ठेवलं होतं, न जाणो उद्या तोच गट वर पोचला तर.

तळं सापडलं. हिरवं, शेवाळलेलं, पण तळं. वहिनीने पाडसाचं तोंड पाण्याला लावलं. ते आधी नाकात पाणी जाऊन शिंकलं, मग पिऊ लागलं, आणि पिताना त्याची शेपटी हलायला लागली. वहिनी तिथेच बसली. यंत्राचा बाण कुठे फिरतोय ते बघायला ती आता मोकळी नव्हती.

इकडे कुंड पार आटलं. गुहेजवळच्या मंडळींचा उंचीवर विश्वास होता, पण घसा ऐकेना. शेवटी अस्वलरावच उठले. जमिनीवर एवढ्या खुरांचे माग आणि एवढ्या लेंड्या पडल्या होत्या की कुठल्याही सेन्सरची गरज नव्हती. तरी त्यांनी यंत्र पुढे धरलं होतं. मागून राहिलेली मंडळी आली.

ते तळ्याकाठी पोचले तेव्हा आभाळ निरभ्र झालं होतं. हवा पुन्हा जड झाली होती. अस्वलरावांनी आकडा बघितला. गुहेत पडून असताना दिसला होता तोच आकडा.

समोर सगळं रान पाणी पीत होतं. अस्वलरावांची जीभ टाळूला चिकटलेली होती.

"थांबा," ते म्हणाले. "आपण पोचलो नाही. यंत्राप्रमाणे अर्ध्यावरच आहोत. तळं अजून वर आहे."

जनावरांनी पाण्यातून तोंडं वर काढली. ओठांवरून पाणी गळत होतं.

"मग हे काय आहे?" एका सांबराने विचारलं.

"हे मधलं असेल काहीतरी."

"तरीच जरा गोड लागलं," रानडुकरीण म्हणाली आणि काठावर आली. तिचा नवरा तिथे होताच. तिच्यामागे माकडं आली, आणि ससासुद्धा. सगळे ओल्या तोंडाने अस्वलरावांच्या मागे रांगेत उभे राहिले. अस्वलराव गोल फिरायला लागले. रांगही फिरायला लागली.

भेकरवहिनीने एकदा मान वर करून बघितलं. मग पाडसाला थोडं पुढे सरकवलं, कारण काठावर आता जागा झाली होती.

तर मुलांनो, टिटव्यांची बातमी अगदीच खोटी नव्हती. जनावरं तळ्यावर पोचली, हे खरं. अस्वलरावांनी नेली, हे खोटं. आणि खुद्द अस्वलराव पोचले का, ते त्यांच्या यंत्राने अजून मान्य केलेलं नाही.

तात्पर्य: यंत्र घेताना जास्तीच्या सेन्सरांसाठी हात आखडू नये. चालणाऱ्याचं काय, तो साध्या यंत्रावरही निघतो. पण ज्यांना बसून राहायचं आहे आणि चढल्याचा हारही हवा आहे, त्यांनी भारीतलंच घ्यावं. बाकीच्यांनी एवढंच लक्षात ठेवावं, की पाणी प्यायल्याने तहान भागत असली, तरी वाटाड्याला विचारल्याशिवाय भागली असं म्हणू नये.